गावात एकही माणूस नसतो

गेल्या सोमवारी दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. पहिल्या सत्राची परीक्षा नुकतीच संपलेली. कोकण किनाऱ्यावरच्या सागरी व्यापाराच्या प्रश्नावर एका मुलाने चार पानं भरून आपल्या मामाच्या होडीचं वर्णन लिहिलं होतं, आणि त्याला नापास करावं की जवळ बोलावून पाठ थोपटावी या विचारात मी लाल पेन चावत होते. तेवढ्यात आईचा फोन आला. आई फोनवर 'कशी आहेस' वगैरे विचारण्यात वेळ घालवत नाही, थेट मुद्द्यालाच हात घालते.

"देवान कौल दिल्यान," ती म्हणाली. "येत्या गुरवारी गाव भायर पडतलो."

मी पेन खाली ठेवलं. मामाची होडी तशीच पानावर राहिली.

मालवण तालुक्यात आमच्या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी मार्गशीर्षात गावपळण होते. रवळनाथाला कौल लावायचा, म्हणजे देवाच्या पाषाणाला पाण्याने पानं चिकटवून उत्तराची वाट बघायची. उजवीकडचं पान आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. होकार आला की ठरलेल्या दिवशी सगळा गाव शिमेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, माडाच्या चुडतांचे मांडव घालून राहायचं आणि चौथ्या दिवशी परत कौल लावायचा. देव हो म्हणाला तर घरी, नाही म्हणाला तर आणखी मुक्काम. तोवर गावाच्या हद्दीत कुणी पाऊल टाकायचं नाही. घरांची दारं नुसती ओढून घेतलेली असतात.

फोनवर आईने तांदूळ किती बांधावेत, बकरी कुणाच्या दोरीला बांधावी, सगळं सांगितलं. बाबांचं काय करायचं ते मात्र तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाद्रपदात बाबा विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ते खाटेवर आहेत. फार तर खुर्चीत बसतात.

आमच्याकडचा मार्गशीर्ष मला मनापासून आवडतो. भात झोडून घरात आलेलं असतं, गवताच्या उडव्या रचून झालेल्या असतात आणि मळ्यात कुळथाची दोन-दोन पानं वर आलेली असतात. सकाळी व्हाळावर धुकं बसतं ते उन्हं चांगली वर आल्याशिवाय उठत नाही. आंबा मोहरला अशी बातमी कुणीतरी आणतो आणि दुसरा ती लगेच खोडून काढतो. तिकडे देवबागेत या दिवसांत पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागते, लोक समुद्रावर आरडाओरडा करत असतात, आणि आम्हाला नेमक्या तेव्हाच परीक्षा. शाळेपासून विद्यापीठापर्यंत माझ्या आयुष्यातल्या कितीतरी परीक्षा याच हवेत झाल्या. त्यामुळे नव्या गवताचा वास आला की अजून माझा हात हॉलतिकीट शोधायला जातो. आता मीच पेपर काढते, तरी जातो.

बारावीला बरे गुण मिळाले तेव्हा नातेवाईकांनी माझं सगळं ठरवून टाकलं होतं. कुणी डीएड म्हणालं, कुणी नर्सिंग. मी बीएला इतिहास घेतला. शेजारच्या काकींनी अंगणात येऊन अगदी मनापासून विचारलं की आता मी किल्ल्यावर गाइड होणार का, कारण त्यांच्या माहितीत इतिहासाचा तेवढाच एक उपयोग होता. बाबा पाडेली, म्हणजे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणं हा त्यांचा धंदा. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी कोयता धार लावायला घेतला होता. मान वर न करता ते म्हणाले, "तिका आवाडता तर शिकांदे." विषय तिथेच संपला. आमच्या घरात बाबांची वाक्यं अशीच असतात, त्यांच्यामागे दुसरं वाक्य येत नाही.

तालुक्याच्या कॉलेजात आम्हाला जगदाळे सर होते. घाटावरचे. आमच्या दमट हवेला ते कायम शिव्या घालायचे आणि बदली मात्र कधी मागायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, घरातला सगळ्यात जुना कागद घेऊन या. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसती चढाओढ. एकाने मोडीतली सनद आणली होती, एकीने पणजोबांचं कुणालाही वाचता न येणारं पत्र. त्यांच्या घरात कागदांना पेटी होती. आमच्या घरात पेटी होती, पण तिच्यात कागद नव्हते. मी बाबांचं जुनं रेशनकार्ड नेलं. बाकं हसली. मलाही हसू आलं, आणि लगेच रडूही यायला लागलं.

सरांनी ते कार्ड हातात घेतलं, खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं आणि त्यातल्या एका नावावरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. हे नाव कुणी खोडलं, त्यांनी विचारलं. माणूस गेला म्हणून खोडलं, की माणूस दुसरीकडे जेवायला लागला म्हणून? ते माझ्या काकांचं नाव होतं. काका बोटीवर नोकरीला लागले तेव्हा खोडलेलं. मग मी काका कसे गेले, कोणत्या ओळखीने गेले, त्यांच्या आधी गावातून कोण कोण गेलं होतं, त्यांच्या बायका मागे काय करायच्या, हे सांगत सुटले. तास संपल्याची घंटा झाली तरी सांगत होते. सरांनी खडू पिनसारखा टेकवून माझं रेशनकार्ड फळ्यावर धरलं आणि म्हणाले, आजचा धडा हा होता. सनदवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आपल्या घरातही इतिहास राहतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याचा ताठा अजून माझ्या मानेतून गेलेला नाही.

एमएला घाट चढून विद्यापीठात गेले. तिथे ग्रंथालय एवढं मोठं की पहिले काही दिवस मी नुसती कपाटांमधून हिंडायचे. वर्गातली मुलं इंग्रजी पुस्तकांची नावं मावशी-आत्यांच्या नावांसारखी घ्यायची. मी बोलायला लागले की माझ्या हेलावर एखादा तरी हसायचा. लघुप्रबंधाला मी गावपळण हा विषय मांडला तेव्हा चर्चासत्रात एकाने हात वर करून सांगितलं की ही लोककथा झाली, हा इतिहास नव्हे. मी मार्गदर्शक बाईंकडे बघितलं. मला वाटलं त्या माझी बाजू घेतील. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग इतिहास आहे हे हिने दाखवावं." घ्या! त्या दिवशी मी त्यांच्यावर मनातून चांगलीच चिडले होते. आता माझ्यासमोर विद्यार्थी बसले की मी तेच वाक्य, त्याच आवाजात म्हणते.

वर्षभर सुट्टी मिळाली की गावी यायचे आणि म्हाताऱ्या माणसांच्या पडव्यांवर जाऊन बसायचे. गाव का बाहेर पडतो, पहिल्यांदा कधी पडला, तुम्हाला कुणी सांगितलं? उत्तरं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायचे. संध्याकाळी बाबांना पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा वाचून दाखवायचे, कारण घरात दुसरं कुणी ऐकायला तयार नव्हतं. त्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य होतं: 'गावपळणीच्या काळात गावात एकही माणूस नसतो.' बाबांनी ते परत वाचायला लावलं. मग म्हणाले, हे बरोबर आहे. ते माडावरून सगळा गाव पाहणारे. कुठल्या घरातून धूर येतो आणि कुठल्या नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांचा शेरा मला बाईंच्या शेऱ्याहून मोठा वाटला.

त्या वर्षी मार्गशीर्षात देवाने कौल दिला. माझा विषय आपल्या पायांनी चालत माझ्या दारात आला होता. लघुप्रबंध द्यायची शेवटची तारीख सोमवार, आणि पळण त्याआधीच्या गुरुवारी. बाकीची प्रकरणं विद्यापीठाजवळच्या टायपिंगवाल्याकडे टंकून तयार होती. राहिलं होतं तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, या म्हाताऱ्यांच्या हकिकतींवरचं. हकिकती वहीत होत्या, प्रकरण लिहायचं होतं. पळणीचे तीन दिवस मांडवात बसून ते लिहीन, रविवारी गाव परतला की गाडी पकडीन, असा माझा पक्का बेत होता. तारीख चुकली असती तर वर्ष गेलं असतं. आणि वर्ष गेलं की घरात लग्नाचा विषय निघणार होता. आत्याने दोन ठिकाणं काढूनच ठेवली होती. तो विषय एकदा निघाला असता तर माझं शिकणं त्या मार्गशीर्षातच संपलं असतं, हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि बाबांनाही.

गुरुवारी सकाळी गावात जी गडबड असते ती सांगून कळायची नाही. तांदूळ, टोप, अंथरुणं, सुक्या बांगड्यांची पुडी, कोयते, देवाचं निरांजन. आई एकीकडे बकरीशी भांडत होती. मी वही हातात घेऊन ओटीवर तयार उभी होते. तेवढ्यात आमची तांबडी कोंबडी टोपलीखालून निसटली आणि थेट परसात पळाली. पळणीच्या दिवशी कोंबडी मागे ठेवून चालत नाही. मी वही फडताळावर ठेवली आणि कोंबडीमागे धावले. फणसाखालून, वईच्या कुंपणावरून, न्हाणीमागून. अखेर ती हाती लागली, तिला टोपलीत कोंबलं, टोपली डोक्यावर घेतली आणि विजयी चेहऱ्याने व्हाळ ओलांडला.

वही आठवली ती दुपारी पेज जेवताना. घास तोंडातच राहिला. ज्या बाईने वर्षभर गावपळणीवर डोकं खपवलं होतं तिने कोंबडी सांभाळून बाहेर आणली होती आणि गावपळण गावात विसरली होती.

आमचं घर तिथून दिसत होतं. व्हाळ, त्यापुढे मळा, मग आमचं कौलारू छप्पर. चालत दहा मिनिटं. दुपारची वेळ, लोक जेवून मांडवात आडवे झालेले. मी व्हाळाच्या काठी जाऊन उभी राहिले. मी शिकलेली मुलगी. दुसऱ्या प्रकरणात मी देवाच्या कोपाबद्दल तीन पानं लिहिली होती आणि त्यांत देवाला फारशी जागा ठेवली नव्हती. एक पाय पाण्यात घातलासुद्धा. पाणी गार होतं. मागे बाबा येऊन उभे राहिले होते हे मला कळलं नाही. त्यांना सगळं सांगितलं. वही, सोमवार, सगळं. त्यांनी छपराकडे बघितलं.

"तुका जावचा आसात तर जा," ते म्हणाले. "मी तुका आडवूचंय नाय. पण पळणीत गावात एकव माणूस नसता म्हणान तूच लिवलंस मा? तू गेलंस काय एक माणूस झालो. मगे ता वाक्य तुका खोडूचा लागतला."

आणि ते मांडवाकडे निघून गेले. देव कोपेल असं ते म्हणाले असते तर मी गेले असते. गाव काय म्हणेल असं म्हणाले असते तर नक्कीच गेले असते. पण चौथी शिकलेल्या माणसाने माझ्याच प्रबंधातलं वाक्य माझ्यासमोर आडवं धरलं होतं. पुराव्याशी प्रामाणिक राहा असं विद्यापीठात आम्हाला फळ्यावर लिहून शिकवलं होतं. त्या क्षणी ते मला पहिल्यांदा कळलं. मी पाय बाहेर काढला. पुढे थोडा वेळ मी आंब्याआड बसून रडले, तेही खरं आहे.

मग डोळे पुसले आणि मांडवांकडे बघितलं. वहीतली सगळी माणसं इथेच तर होती! एरवी त्यांना गाठायला मला सगळा गाव पालथा घालावा लागायचा. आज तीच हातभर अंतरावर चुली मांडून बसली होती. शिमेबाहेरच्या वाडीतल्या शाळेच्या मास्तरांकडून जुन्या पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका मागून आणल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तातू गुरव हे गावातले सगळ्यात जाणते. त्यांनी घरी सांगितलं होतं तेच इथे सांगितलं. गावाच्या राखणदारांना आणि न दिसणाऱ्यांना दर काही वर्षांनी थोडे दिवस गाव मोकळा करून द्यायचा, असं पूर्वजांनी देवाला वचन दिलं होतं. मग मी म्हाताऱ्या बायोकाकींकडे गेले. त्या चुलीपुढे बसून कुळीथ निवडत होत्या. घरी त्यांनीही वचनाचीच गोष्ट सांगितली होती. इथे त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं.

"माझी सासू वेगळाच सांगी," त्या म्हणाल्या. "भुता नाय नि काय नाय गो. साथ इल्ली. जे व्हाळापलीकडे गेले ते वाचले, जे घरात रवले ते गेले."

मी विचारलं, मग हे घरी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "थंय तातू बसललो. तेच्या म्होरे मी काय बोलतलंय?"

मी माझ्या आठवणीतली वही चाळून बघितली. खरंच, त्या दिवशी त्यांच्या पडवीवर तातू बसले होते, पान खात. मी तशी नोंदही केली नव्हती. कुणाला विचारलं तेवढं लिहिलं, विचारताना शेजारी कोण होतं ते लिहिलंच नाही. वर्षभराच्या वहीतली अर्धी माणसं दुसऱ्या कुणाच्यातरी देखत बोलली होती. त्या निळ्या वहीवर माझा किती जीव होता! ती घरात राहिली तेच बरं झालं, असं मला त्या दुपारी वाटून गेलं.

पुढचे दोन दिवस मी नुसती लिहीत होते. बायका कुळीथ निवडताना, व्हाळावर कपडे आपटताना सांगायच्या. तातूंना कुणकुण लागली आणि ते तावातावाने आले. मग त्यांच्यात आणि बायोकाकींत अशी जुंपली की निम्मी पळण भोवती गोळा झाली. कुणी तातूंच्या बाजूने, कुणी काकींच्या. एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ एकाच बाजूने भांडले. मी दोन्ही बाजू उतरवून घेतल्या. शनिवारी तातू आपण होऊन आले, माझ्या कागदांकडे बोट दाखवून म्हणाले, तिचंही लिही, पण माझं आधी लिही. मी तसंच केलं. पाठकोरे कागद संपले तेव्हा कुणीतरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणून दिला. माझ्या तिसऱ्या प्रकरणातली शेवटची पानं नवरा-नवरीच्या नावांमागे लिहिलेली होती.

रविवारी सकाळी शिमेवरच्या पाषाणाजवळ कौल लावायला सगळा गाव जमला. धुकं अजून उठलं नव्हतं. एव्हाना माझा सोमवार सगळ्यांना पाठ झाला होता. तातूंनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, गुराढोरांचं, पिकापाण्याचं, मुंबईला असलेल्यांचं. लोक ठेक्यात 'होय म्हाराजा' म्हणत होते. आणि शेवटी तातूंनी घसा साफ केला.

"आणि बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवाक उद्या परीक्षा आसा. तेच्या वाटेर काय अडचण आसात ती दूर कर म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

आयुष्यात पुढे मला थोडेफार मान मिळाले, शाल-श्रीफळं मिळाली. पण त्या 'होय म्हाराजा'ची सर कशालाच आली नाही.

आणि डावीकडचं पान पडलं. देवाने नाही म्हटलं. आणखी एक दिवस मुक्काम.

लोकांची तोंडं उतरली. मला मात्र, का कोण जाणे, आमच्या देवाचा अभिमान वाटला. सगळ्या गावाची शिफारस असूनही तो बधला नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला आता गावात जायचंच नव्हतं. प्रकरण माझ्या हातात होतं, मी शिमेबाहेर होते, आणि शिमेबाहेरची वाट थेट एसटीच्या रस्त्याला जात होती.

अडचण एकच उरली. माझे बरे कपडे, चपला, पिशवी, सगळं घरात, फडताळाच्या शेजारीच. मग पळणीतल्या बायकांनी मला तयार केलं. एकीने माहेरी जायला ठेवलेली साडी काढली, एकीच्या सुनेचा ब्लाउज अंगाला बसला. बायोकाकींनी आपल्या चपला दिल्या, त्या अर्धा इंच मोठ्या होत्या. शेजारच्या काकी, किल्ल्यावर गाइड होणार का विचारणाऱ्या त्याच, त्यांनी कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने बांधले आणि गाठ ओढून दोनदा तपासली. आईने केस विंचरले. बाबा रस्त्यापर्यंत आले. एसटी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले की खिडकीशी बस, म्हणजे ओकारी येणार नाही.

सोमवारी सकाळी टायपिंगवाल्याने लग्नपत्रिकांवरचं प्रकरण टंकताना दोनदा मला विचारलं की नवऱ्याचं नाव घ्यायचं की नाही. चार वाजता लघुप्रबंध बाईंच्या टेबलावर होता. बाईंनी कच्चे कागदही मागून घेतले, नाकाशी नेले आणि विचारलं, हे चुलीपुढे बसून लिहिलंस का? पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या प्रस्तावनेवर बोट ठेवलं. वही दहा मिनिटांवर होती असं तुम्हीच लिहिलं आहे, मग जाऊन आणली का नाहीत? मी उत्तर दिलं. उत्तर संपल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ते बाबांच्याच शब्दांत, मालवणीत दिलं होतं. कुणी हसलं नाही. परीक्षकांनी लघुप्रबंध मिटून ठेवला.

मला पहिला वर्ग मिळाला. मग पीएचडी झाली, नोकरी लागली, आत्याने ठिकाणं काढायची सोडून दिली. पण लघुप्रबंधाची काळ्या कापडी बांधणीची प्रत घरी आणली तेव्हाचं मला जास्त आठवतं. बाबांनी हात धुतले, पंच्याला पुसले, पहिल्या प्रकरणाचं पान काढायला लावलं आणि ते वाक्य बोट ठेवून स्वतः वाचलं. त्यांना वेळ लागला, पण मी मदत केली नाही. तेव्हापासून ती प्रत कणगीवर, उंदीर पोचणार नाहीत अशा डब्यात असते.

तर मी या बुधवारी घरी पोचले. घरात ठरलं होतं की बाबांना नेऊ नये. मानकरी येऊन सांगून गेले होते, आजाऱ्याला देव समजून घेतो, आई सोबत राहील, कुणी बोट दाखवणार नाही. सगळं मायेनेच चाललं होतं. मलाही तेच बरं वाटत होतं. व्हाळातले दगड निसरडे, बाबांचा खुबा अजून कच्चा. मी त्यांच्या खाटेशी बसून हे समजावून सांगायला लागले. मुलांना समजावते त्या सुरात. बाबा ऐकत राहिले. मग कणगीकडे बघून म्हणाले,

"तेवा तू माझ्या सांगण्यार थांबललंस. आता मी हय रवलंय तर तुझा वाक्य खोटा पडात."

मी डॉक्टर झालेली, इतिहास शिकवणारी बाई. उठून परसात बांबू शोधायला गेले.

गुरुवारी सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीला खालून दोन बांबू बांधले. तातू आता नाहीत. त्यांचे दोन्ही नातू पुढे झाले, मागे एका बांबूचं टोक शेजारच्यांनी धरलं, दुसऱ्याचं मी धरलं. नको नको म्हणाले सगळे, पण मी सोडलं नाही. आईने बाबांच्या मांडीवर कोंबडीची टोपली ठेवली आणि टोपलीवर तो डबा. या वेळी काही विसरायचं नाही म्हणाली. धुक्यातून गुरं पुढे चालली होती. व्हाळात पाणी घोट्याएवढंच होतं, तरी आम्ही पाऊल चाचपून टाकत होतो. बाबा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ताठ बसले होते, माडावर बसायचे तसे. त्यांचं वजन माझ्या खांद्यावर होतं आणि मला ते मुळीच जड वाटत नव्हतं.

पलीकडच्या काठावर खुर्ची टेकवली. बाबांना खुर्चीत मागे वळता येत नाही. त्यांनी मला विचारलं, "मागे बग गो. कोण रवला काय?"

मी वळून पाहिलं. मळा, कुळथाची कोवळी रोपं, आमचं छप्पर, त्यापलीकडे इतर छपरं. कुठूनही धूर येत नव्हता. दारं ओढलेली होती.

"कोण नाय, बाबा," मी म्हटलं.

गावात एकही माणूस नव्हता.